बुद्ध पौर्णिमेची रात्र बिबट्याच्या रानात

वैशाखी पौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यांतून लगबग सुरू होते. विहाराला रंग दिला जातो, पंचशील ध्वजाच्या माळा लागतात, पहाटे वंदना, दुपारी खीरदान आणि संध्याकाळी मिरवणूक असा दिवस ठरलेला असतो. आमच्या पडेगावातही तो असाच जातो. पण त्याच पौर्णिमेच्या चांदण्यात महाराष्ट्राच्या रानारानांतून आणखी एक जागरण चालते आणि त्याची बातमी आपल्या घरांपर्यंत फारशी पोचलेली नाही. त्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळ मचाणांवर माणसे बसवतो. पाण्यावर कोणते जनावर किती वाजता आले, किती आली, याची नोंद रात्रभर घेतली जाते. पूर्वी याला सरळ 'प्राणिगणना' म्हणत. अलीकडे 'निसर्गानुभव' असे नाव आहे. वन खात्याची माणसे असतातच, पण आधी अर्ज करून सामान्य नागरिकालाही त्यात बसता येते.

हीच रात्र का, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर साधे आहे. वैशाखात ओढे, डबकी आटून जातात, पाणी मोजक्या ठिकाणी उरते, म्हणून जनावराला तिथे यावेच लागते. आणि पौर्णिमा असल्यामुळे दिवा न लावता ते दिसते. पाण्याची टंचाई आणि चंद्राचा उजेड, ही दोन कारणे. योगायोग असा की तथागतांच्या जन्माची, बोधीची आणि महापरिनिर्वाणाची पौर्णिमाही तीच.

गेल्या एका बुद्ध पौर्णिमेला आम्ही पडेगावचे तिघे, म्हणजे आम्ही नवरा-बायको आणि बारावी झालेली आमची पुतणी, कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात अशा एका मचाणावर रात्रभर बसलो. त्या रात्रीचा हा वृत्तांत. केवळ सहल म्हणून तो लिहीत नाही. बिबट्याचा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे म्हणून लिहितो.

पिंजऱ्यातला वाघ आणि गल्लीतला बिबट्या

आपल्या मुलांनी वाघ पाहिलेला असतो तो सिद्धार्थ उद्यानात. बसस्थानकाजवळ असल्याने गावाकडून पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचे, ही शहराची जुनी रीत. तिथे वाघांची चांगली पैदास झाली. डिसेंबर २०२० मध्ये समृद्धी नावाच्या वाघिणीने एकाच वेळी पाच पिल्ले दिली, तेव्हा साऱ्या शहराला कौतुक वाटले होते. जागा अपुरी पडते म्हणून हे प्राणिसंग्रहालय आमच्या शेजारच्या मिटमिट्याला मोठ्या जागेत नेण्याचे ठरले, त्यामुळे पडेगावच्या पोरांच्या तोंडी वाघ-सिंहाची चर्चा कायमची असते.

पण पिंजऱ्यातला वाघ पाहून जनावर कळत नाही. ३ डिसेंबर २०१९ रोजी सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला. वन विभागाच्या माणसांनी काही तासांत त्याला बेशुद्ध करून पकडले खरे, पण त्यांचे निम्मे काम गर्दी आवरण्याचेच झाले. २०२४ च्या जुलैमध्ये उल्कानगरीत पुन्हा बिबट्या कॅमेऱ्यात दिसला. लगेच मोबाइलवर खऱ्या-खोट्या चित्रफिती फिरू लागल्या. अमुक गल्लीत दिसला, तमुक शाळेमागे बसला आहे, अशा वार्तांनी आयाबाया मुलांना अंगणात सोडेनाशा झाल्या. काही तरुण मात्र काठ्या आणि मोबाइल घेऊन रात्री शोधाला निघाले. एकीकडे नको इतकी भीती आणि दुसरीकडे नको इतके धाडस. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अज्ञान.

बिबट्या अशा वेळी बंगल्यात राहणाऱ्याला गाठत नाही. पहाटे पाळीवर निघालेला कामगार, झोपडीबाहेर बाजेवर झोपलेले म्हातारे, परसाकडे जाणारी मुले, उसाच्या फडात वाकून काम करणारी बाई, धोका असतो तो यांना. म्हणून हे जनावर कसे वागते हे आपल्या माणसाला ठाऊक असणे गरजेचे आहे. जंगल पाहणे ही पैसेवाल्यांची हौस, असे आपण समजत आलो. आम्हीही ते समजत होतो, म्हणूनच एकदा जाऊन बघायचे ठरवले.

तयारी आणि घरचा विरोध

पहिला विरोध घरातूनच झाला. "सणाच्या दिवशी विहार सोडून रानात कशाला? अन् तेही तरण्या पोरीला घेऊन?" असे आजींनी विचारले. त्यांना समजावले की पहाटेची वंदना करून, खीर वाटूनच निघणार आहोत. "मग तिथं तरी पंचशील म्हणा," एवढे बजावून त्यांनी भाकरी बांधून दिल्या.

वन खात्याच्या सूचना कडक होत्या. भडक कपडे नकोत. माती किंवा पाचोळ्याच्या रंगाचे चालतील. अत्तर, पावडर, वासाचे तेल नको. विडी-सिगारेट, तंबाखू बंद. मोबाइल बंद, बॅटरीचा उजेड बंद. एकदा मचाणावर चढले की सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरायचे नाही. बोलायचे नाही, अगदीच गरज पडली तर कानाशी कुजबुजायचे. जेवण झणझणीत वासाचे नको म्हणून ठेचा-कांदा घरी ठेवला आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि पाणी एवढेच घेतले.

आमच्यापैकी एकजण वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. त्याला वाटले, जागरण म्हणजे आपल्या हातचा मळ. पण यंत्राच्या घरघरीत जागणे वेगळे आणि काहीच आवाज नसताना जागणे वेगळे, हे पुढे कळले.

दौलताबादच्या पायथ्यावरून

पडेगाव सोडले की मिटमिटा, शरणापूर मागे पडते आणि समोर दौलताबादचा किल्ला उभा राहतो. या किल्ल्याच्या पायथ्यावरून जाताना आपल्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाण्याच्या वाटेवर हा किल्ला पाहायला थांबले होते. प्रवासाने धुळकटलेल्या त्या मंडळींनी दारातल्या टाक्याच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले अशी ओरड झाली आणि जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळत ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. आम्ही पुतणीला तो गाडीतच सांगितला. ती म्हणाली, "आणि आपण आज पाण्यावरच पहारा द्यायला चाललो!"

खुलताबाद, वेरूळ करत कन्नड गाठले. तिथून पुढे सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत हे अभयारण्य पसरले आहे. १९८६ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर; मोठा भाग आपल्या कन्नड तालुक्यात आणि उरलेला जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या बाजूला. मे महिन्यात इथे हिरवे फारसे काही नसते. सालई, धावडा, खैर यांचे खराटे, पळसाची मोठी पाने आणि मध्येच अंजनाची झाडी. दगड तापलेला, वारा तापलेला. असल्या कोरड्या रानात बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, कोल्हा, नीलगाय, भेकर, चिंकारा, रानडुक्कर, साळिंदर नांदतात हे सांगूनही खरे वाटत नाही.

अभयारण्याच्या नावातला 'औट्रम' हा इंग्रज अधिकारी. कंपनी सरकारच्या काळात खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. त्याच्या शिकारींचे आकडे त्याच्या चरित्रात अभिमानाने दिलेले आहेत. दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघ! साहेब लोकांनी मारले, संस्थानिकांनी मारले, जंगले तुटली, आणि १९४० च्या सुमारास या डोंगरातला वाघ संपला. पुढे ऐंशी वर्षे इथे वाघ नव्हता, फक्त बिबट्या उरला.

मग मार्च २०२१ मध्ये गौताळ्यातल्या छुप्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर कळले की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला तरुण नर आहे. टिपेश्वर ते गौताळा अंतर सरळ रेषेत धरले तरी तीनशे किलोमीटरहून जास्त. मध्ये शेते, रस्ते, गावे, कालवे. त्याच्याआधी टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन २०१९ साली निघाला होता. तो मराठवाडा-विदर्भातून आणि तेलंगणातून तीन हजार किलोमीटरहून अधिक भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. ज्या घाटाला वाघ मारणाऱ्याचे नाव मिळाले, त्याच घाटात वाघ आपल्या पायांनी परत आला.

वाघ परत आला याचा आनंद कशाला, असे कुणी विचारेल. पाली जातकांत 'व्यग्घ जातक' नावाची एक कथा आहे. एका वनात सिंह आणि वाघ राहत. त्यांनी टाकलेल्या शिकारीची दुर्गंधी येते म्हणून एका वृक्षदेवतेने त्यांना भेडसावून हाकलून लावले. काही दिवसांनी लोकांना त्या वनात वाघाची पावले दिसेनाशी झाली. भीती उरली नाही, तेव्हा कुऱ्हाडी घेऊन लोक आत शिरले आणि सारे वन तोडून शेत केले. वृक्षदेवतेचे घरही गेले. आपण देवता मानत नाही, पण गोष्टीतला कार्यकारणभाव आजही खरा आहे. वाघ आहे म्हणून वन टिकते, वन आहे म्हणून डोंगरात पाणी मुरते, आणि ते पाणी खालच्या गावातल्या विहिरीला लागते.

मचाणावर

दुपारी चारच्या सुमारास आम्हाला मचाणावर चढवले. पाणवठ्यापासून तीस-चाळीस पावलांवर दोन झाडांच्या आधाराने बांधलेली फळ्यांची माचोळी, शिडी, आणि भोवती हिरव्या फांद्यांचा आडोसा. आमच्याबरोबर वन खात्याचे एक वनमजूर होते. साठीकडे झुकलेले, काटक. सगळे त्यांना काका म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. समोरचा पाणवठा म्हणजे जमिनीत खणलेले सिमेंटचे पसरट ताट. उन्हाळ्यात त्यात टँकरने पाणी सोडावे लागते आणि ते काम काकाच करत. "पाणी आटलं की जनावर गावात जातं," काका हळू आवाजात म्हणाले, "अन् जनावर गावात गेलं की शिव्या आमाला." बिबट्याच्या प्रश्नाचे मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

मग बोलणे थांबले. पुतणीकडे नोंदीचा तक्ता दिला होता: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी, पिल्ले, कोणत्या दिशेने आला, कोणत्या दिशेने गेला.

आधी आले ते पक्षी. होले, तित्तर, मग पिसारा सांभाळत मोर. सूर्य खाली गेल्यावर वानरांची टोळी उतरली. त्यांच्यातला एकजण उंच फांदीवर बसून राहिला आणि बाकीचे पाणी प्याले. अंधारता अंधारता एकटे भेकर आले. चार पावले टाकायचे, थांबायचे, कान फिरवायचे, पुन्हा चार पावले. तहान लागलेली असूनही पाण्यापर्यंत पोचायला त्याला चांगली वीस मिनिटे लागली. नऊच्या पुढे नीलगायी आल्या. मग बारकी पिल्ले मध्ये घेऊन रानडुकरांचा कळप आला आणि त्यांनी पाणी ढवळून टाकले. काटे खुळखुळवत साळिंदर आले. कोल्हा आला आणि घाईघाईने गेला.

या साऱ्यात एक क्रम होता. दुबळा लवकर येतो, चहूकडे बघून पितो. मोठा आला की लहान बाजूला होतो. रानात समता आहे असे भाबडे चित्र आम्ही रंगवणार नाही. तिथे दात आणि नखे आहेत, आणि भीती आहे. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. डुकराने तोंड घातलेले पाणी नीलगायीने वर्ज्य मानले नाही, आणि कोल्हा पिऊन गेला म्हणून त्या पाण्यावर कुणी पहारा बसवला नाही. दुपारी ओलांडलेले दौलताबादचे टाके तेव्हा आठवले. पाणी बाटण्याचा शोध माणसानेच लावला.

भीती आणि बिबट्या

बाराच्या पुढे चंद्र डोक्यावर आला आणि रान इतके शांत झाले की स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यावेत. अशा वेळी पान पडले तरी पाऊल वाजल्यासारखे वाटते. रातवा पक्षी टकटक आवाज काढत होता. मागच्या बाजूला काटकी मोडली आणि पुतणीने काकूचा हात घट्ट धरला. खरे सांगायचे तर आम्ही दोघेही घाबरलो होतो.

मज्झिम निकायात 'भयभेरव सुत्त' आहे. विहारात त्यावर प्रवचन ऐकले होते, पण त्याचा अर्थ त्या मचाणावर कळला. बोधीपूर्वी सिद्धार्थ गौतम अष्टमीच्या, चतुर्दशीच्या, पौर्णिमेच्या रात्री मुद्दाम अशा वनात जाऊन राहत, जिथे अंगावर काटा यावा. एखादे जनावर जवळून जाई, मोराच्या पायाने काटकी पडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि मनात येई की आली ती भीती. तेव्हा त्यांनी ठरवले की चालताना भीती वाटली तर चालतच, बसलेले असताना वाटली तर बसूनच तिच्याकडे पाहायचे आणि ती जाईपर्यंत जागा बदलायची नाही. कुठल्या मंत्राचा, ताईताचा आधार घेतला नाही. भीती कशी येते, कशी जाते हे फक्त पाहिले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीतले मोर, काटकी आणि पाचोळा आमच्या भोवती जसेच्या तसे होते. आम्ही मनातल्या मनात त्रिशरण-पंचशील म्हटले आणि बसून राहिलो. थोड्या वेळाने काटकी ही काटकीच वाटू लागली.

पावणेतीनच्या सुमारास अंजनाच्या झाडीतून वानराचा खाकरल्यासारखा आवाज आला: खॉक, खॉक. काकांनी बोट वर केले. लगेच नाल्याच्या पलीकडून भेकर कुत्र्यासारखे भुंकले. टिटवी ओरडत उठली. रानात ही हाकाटी असते. शिकारी जनावर दिसले की उंचावरचे वानर ओरडते, खालचे भेकर तिला दुजोरा देते. काकांना त्या आवाजांच्या दिशेवरून जनावर कुठून कुठे चालले आहे हे जणू लिहून ठेवल्यासारखे दिसत होते.

पाण्यावरचा ससा नाहीसा झाला. पण कुणीच आले नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मग काकांनी डोळ्यांनीच एका झुडपाकडे दाखवले. तिथे सावली होती, आणि त्या सावलीला शेपटी होती. बिबट्या केव्हाचाच येऊन बसला होता! इतकी जोखून बघणारी आमची सहा डोळी त्याच जागेवरून दहा वेळा फिरली होती, आणि तो दिसला नव्हता.

तो उठला आणि पोट जमिनीला लागेल असा दबकत पाण्याशी आला. आम्हाला वाटला होता त्याहून लहान, पण खांदे भक्कम. चांदण्यात पिवळा रंग दिसत नव्हता, राखाडी अंगावर ठिपक्यांची फुले तेवढी दिसत होती. प्रत्येक बिबट्याची ही नक्षी वेगळी असते, माणसाच्या अंगठ्यासारखी. तो पुढच्या पायांवर खाली झुकला आणि जिभेने पाणी पिऊ लागला. लप्‌ लप्‌ असा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मध्येच त्याने मान वर केली आणि सरळ मचाणाकडे पाहिले. आम्ही आहोत हे त्याला आधीपासून माहीत असावे. पुन्हा मान घालून तो पीत राहिला. चार-पाच मिनिटांनी वळून आल्या वाटेने गेला. थोड्या वेळाने नाल्याकडून करवतीने लाकूड कापावे तसा घोगरा आवाज आला. ती त्याची साद.

पुतणीने अंधारातच तक्त्यावर लिहिले: बिबट, १, वेळ २.५५, नर-मादी कळले नाही. हात थरथरत होता, पण अक्षर सरळ आले होते.

काका एवढेच म्हणाले, "बघितलंत ना? माणूस दिसला म्हणून धावून आला नाही. त्याला आपली गरज न्हाई."

आकड्यांचा अर्थ

सकाळी गाडी आली तेव्हा चिखलात पंजे उमटलेले होते. गोल, नखांचे ठसे नसलेले. कुत्र्याच्या पावलात नखे दिसतात, बिबट्या मात्र चालताना नखे आत ठेवतो, हा फरक काकांनी दाखवला. गावात पाऊल दिसले तर आधी एवढे पाहिले तरी निम्म्या अफवा थांबतील.

आमचा तक्ता कार्यालयात जमा झाला. एका रात्रीच्या अशा मोजणीवरून जंगलात अमुकच बिबटे आहेत असे म्हणता येत नाही. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर जाऊ शकते, आणि एखादे येतही नाही. म्हणून खरी गणना आता छुप्या कॅमेऱ्यांनी होते, ठिपके आणि पट्टे जुळवून. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ आणि १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यात महाराष्ट्रात ४४४ वाघ आणि १,९८५ बिबटे. पाणवठ्यावरच्या रात्रीचा उपयोग वेगळा आहे. त्या रात्री जनावर माणसाला ओळखीचे होते.

पितळखोऱ्याला

परतताना आम्ही पितळखोऱ्याची लेणी पाहिली. ती याच डोंगरात, दरीच्या कुशीत आहेत. वेरूळ-अजिंठ्याला बसगाड्या भरून जाणारे आपले लोक इथे क्वचित येतात. एकूण चौदा लेणी. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, बावीसशे वर्षांच्या घरातली. दगड ठिसूळ असल्याने बरेच ढासळले आहे, पण ओळीने कोरलेले हत्ती आजही उभे आहेत. इथले शिलालेख वाचले की छाती भरून येते. पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातला मितदेव, राजवैद्य मगिल यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. आणि इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर, जी आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती घडवणाऱ्याचे नाव आहे: कन्हदास, सोनार. हातांनी काम करणाऱ्या माणसाने दगडावर आपले नाव कोरले आणि ते टिकले.

भिक्खू वर्षावासाचे तीन महिने अशाच दऱ्यांत काढत. तेव्हा या रानात बिबट्या होता आणि वाघही होता. त्यांनी त्याला मारले नाही आणि त्याच्यापुढे पळालेही नाहीत. पुतणी त्या हत्तींपुढे बराच वेळ उभी होती. "रात्री मी इथे बसू शकेन," ती म्हणाली.

घरोघरी लक्षात ठेवावे असे

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांना अशी रात्र अनुभवायची असेल त्यांनी वैशाख लागण्याआधीच वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयात चौकशी करावी. जागा मोजक्या असतात. शुल्क आणि वयाच्या अटी तिथेच विचाराव्यात. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी निदान पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगाव्यात.

बिबट्या दिसला तर पळू नये, पाठ फिरवू नये, खाली वाकू किंवा बसू नये. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. त्याच्याकडे तोंड ठेवून, लहान मुलाला उचलून घेऊन हळूहळू मागे सरावे. अंधारात बाहेर पडताना हातात उजेड असावा, मोबाइलवर गाणे लावावे किंवा मोठ्याने बोलत जावे. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर एकटे पाठवू नये. वस्तीजवळ कचऱ्याचे ढीग साचू देऊ नयेत; कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. शेळ्या रात्री उघड्यावर न बांधता बंद गोठ्यात ठेवाव्यात.

बिबट्या शिरल्याचे कळले तर गर्दी करू नये. गर्दीने त्याची पळायची वाट अडते आणि तेव्हाच तो माणसावर जातो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. शेळी, गाय मारली गेली तर ती जागेवरून न हलवता ४८ तासांच्या आत वन अधिकाऱ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई हा उपकार नाही, शासनाचा ठराव आहे. माणूस दगावला तर २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. कागद न केल्यामुळे आपल्या माणसांचे हक्काचे पैसे बुडतात, हे इथेही खरे आहे.

घरी आलो तेव्हा आजींनी पहिला प्रश्न विचारला, "दिसला का?" पुतणीने त्यांच्यापुढे बसून सारे सांगितले: भेकर, डुकरे, खॉक खॉक, ती शेपटी असलेली सावली. संध्याकाळपर्यंत गल्लीतली दहा-बारा मुले जमली. बिबट्याची पावले कशी ओळखायची हे ती त्यांना मातीत बोटाने काढून दाखवत होती. पुढच्या वैशाखी पौर्णिमेसाठी वस्तीतल्या आणखी चार घरांनी नावे दिली आहेत.